खोकं फेकू नका, कापा!

मंडळी, या वीकान्ताला जरा भांडायचं आहे. भांडण आहे ते "काढून टाकला रे एकदाचा जुना पीसी, केवढी जागा अडवत होता" असं हात झटकत सांगणाऱ्या तमाम जनतेशी.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरणाऱ्यांसाठी पुढे वर्षभराची सोय करून दिली खरी, पण लोकांच्या मनात त्या यंत्राचं तेरावं तेव्हाच उरकलं होतं. विंडोज ११ ला टीपीएम २.० हवं, इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. हे नसलं की निकाल ठरलेला, "हा आता चालणार नाही." आणि मग प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅमबरोबर ते बिचारं पत्र्याचं खोकंही भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढतं. वास्तविक त्याचा काय गुन्हा? पत्र्याला कुठे टीपीएम लागतं?

माझं म्हणणं सरळ आहे. आतलं खुशाल बदला, पण खोकं ठेवा. आणि नुसतं अडगळीत ठेवू नका. ते कापा, त्याला भोकं पाडा, रंगवा, तुमच्या घराला आणि तुमच्या कामाला बेतून घ्या. कॉम्प्युटर नावाच्या वस्तूतला हा एकच भाग असा आहे की ज्यावर तुमची-माझी कानस चालते. बाकी सगळ्यावर कुणाची ना कुणाची सही झालेली असते.

(एक खुलासा. आपल्याकडे निम्मं जग या खोक्यालाच 'सीपीयू' म्हणतं. "सीपीयूवर पाय ठेवू नकोस" हे वाक्य ऐकल्याशिवाय आपल्या पिढीतलं कुणी मोठं झालेलं नाही. दुकानदार त्याला कॅबिनेट म्हणतो. मी कधी कॅबिनेट म्हणेन, कधी खोकं. सीपीयू मात्र म्हणणार नाही, एवढा हट्ट चालवून घ्या.)

आता या खोक्याची पत्रिका बघू. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स नावाचं मापांचं एक पुस्तक काढलं. मदरबोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा, त्याचे स्क्रू अमुक अमुक जागी, मागच्या बाजूला सॉकेटांसाठी १५८.७५ बाय ४४.४५ मिलिमीटरची चौकट. पॉवर सप्लायचं, म्हणजे आपल्या भाषेत एसएमपीएसचं तोंड १५० बाय ८६ मिलिमीटरचं. १९९७ मध्ये मायक्रो-एटीएक्स आला, २४४ बाय २४४ चा. २००१ मध्ये व्हिया कंपनीने मिनी-आयटीएक्स आणला, १७० बाय १७० चा. या धाकट्या भावंडांनी स्क्रूच्या बहुतेक जागा थोरल्याशी जुळवून घेतल्या. त्यामुळे मोठ्या खोक्यात लहान बोर्ड बिनतक्रार बसतो. मध्यंतरी इंटेलनेच बीटीएक्स नावाचं नवं माप आणून बघितलं होतं, पण ते कुणाच्या पचनी पडलं नाही आणि २००६ मध्ये त्यांनीच तो नाद सोडून दिला.

याचा अर्थ काय? समजा तुमच्या वडिलांनी २००२ मध्ये पेंटियम-४ चा असेंबल्ड पीसी घेतला, त्याचं कॅबिनेट अजून माळ्यावर आहे. तुम्ही आज दुपारी दुकानातून एकदम नवा कोरा मदरबोर्ड आणलात, तर तो त्या खोक्यात त्याच स्क्रूंवर बसेल. पॉवरच्या बटणाच्या दोन वायरी त्याच दोन पिनांवर जातील. बटण दाबलं की चालू.

आपण सॉफ्टवेअरवाल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. दर सहा महिन्यांनी एखादी लायब्ररी अपग्रेड होते, कालपर्यंत चालणारं काहीतरी आज मोडतं, आणि आपण त्याला 'मायग्रेशन' असं भारदस्त नाव देऊन दोन स्प्रिंट खातो. इकडे पत्र्याच्या डब्याने एक इंटरफेस तीस वर्षं पाळला. ज्याने दिलेला शब्द इतकी वर्षं पाळला, त्याला आपण किलोच्या भावाने विकतो.

अर्थात अपवाद आहेत, ते आधीच सांगतो म्हणजे नंतर शिव्या नकोत. ऑफिसांच्या लिलावात येणारे ब्रँडेड पीसी बऱ्याचदा स्वतःच्या मापाचे असतात. त्यांचा एसएमपीएस वेगळ्या आकाराचा, पुढच्या बटणांचा जोड वेगळा, कधी कधी मदरबोर्डच्या सॉकेटांची मागची चौकट खोक्याच्या पत्र्यातच कोरलेली. असल्या खोक्याच्या वाट्याला जाऊ नका. आणि खूप जुना, एटीएक्सच्या आधीचा डबा असेल तर त्याच्या पुढच्या बटणात थेट घरातली वीज खेळते, त्याला लांबूनच नमस्कार. मी बोलतोय ते झेब्रॉनिक्स, आयबॉल, इंटेक्स असल्या नावांच्या किंवा बिननावाच्या, लॅमिंग्टन रोडवरून किंवा आपापल्या गावच्या असेंबलवाल्याकडून आलेल्या साध्या डब्यांबद्दल. महाराष्ट्रातल्या माळ्यांवर ते अजून पुष्कळ सापडतील.

बरं, मग आहे तसंच का वापरायचं नाही, कापायचं कशाला? कारण या डब्यांचा एक मोठा दोष आहे. ते गुदमरतात.

त्या काळच्या कॅबिनेटचं तोंड आठवा. समोर सलग प्लॅस्टिक, वर सीडी ड्राइव्हची जागा, आणि खाली बोटभर फट. हवा आत यायची ती त्या फटीतून. मागे ८० मिलिमीटरचा एक पंखा, तोही असला तर. बाकी बाहेर टाकायचं काम वर बसवलेल्या एसएमपीएसने करायचं. २००४ मध्ये प्रेस्कॉट जातीचे पेंटियम-४ आले आणि त्यातले वरचे मॉडेल ११५ वॉटपर्यंत तापायला लागले, तेव्हा इंटेलने खोकी बनवणाऱ्यांना सांगितलं की बाजूच्या पत्र्याला भोक पाडा आणि आतून नळकांडं लावा, म्हणजे प्रोसेसरच्या पंख्याला थेट बाहेरची हवा मिळेल. तुमच्या डब्याच्या बाजूला गोल जाळी आणि आत प्लॅस्टिकचं नसराळं असेल, तर ते हेच. त्यामागचा हिशोब असा होता की खोलीत ३५ अंश असताना प्रोसेसरच्या पंख्यापाशी पोचणारी हवा ३८ अंशांच्या वर जाऊ नये.

खोलीत ३५ अंश! नागपूरकर किंवा जळगावकर मित्र हे वाचून हसतील. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पंखा लावलेल्या खोलीत याहून जास्त असतं. त्यात आपण ते खोकं कुठे कोंबलं होतं? कॉम्प्युटर टेबलाच्या खालच्या बंद खणात. मागे भिंत, समोर दार, वर प्रिंटर. आणि रात्री झोपताना वरून प्लॅस्टिकचं कव्हर, धूळ बसू नये म्हणून. म्हणजे मूळ आरेखन थंड देशातल्या खोलीचं, आणि मुक्काम आपल्याकडच्या बंद कपाटात. हे खोकं आपल्या घराला बेतून घ्यावं असं मी म्हणतो ते शोभेसाठी नाही. ते आपल्यासाठी बनलेलंच नव्हतं, म्हणून.

गंमत अशी की आज उपाय पूर्वीपेक्षा सोपा झाला आहे. घरकामाचे बरेचसे प्रोसेसर ६५ वॉटच्या वर्गात मोडतात (जोर लावला की थोडे जास्त खातात, पण थोडा वेळच). हार्ड डिस्कच्या जागी नखाएवढी जाड एसएसडी आली, ती थेट मदरबोर्डावर आडवी पडते. सीडी ड्राइव्ह गेला. म्हणजे खोक्याच्या पुढच्या निम्म्या भागात जो लोखंडी पिंजरा असतो, त्याचं काम संपलं. तो पिंजरा रिव्हेटने जखडलेला असतो. रिव्हेटच्या डोक्यावर ड्रिल मशीनचं सव्वातीन मिलिमीटरचं पातं धरलं की डोकं सुटतं आणि पिंजरा हातात येतो. एवढ्यानेच हवेचा रस्ता मोकळा होतो.

पुढची पायरी पंख्याची. ८० मिलिमीटरच्या जागी १२० चा पंखा लावला तर वर्तुळाचं क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं. तेवढीच हवा ढकलायला तो निवांत फिरला तरी पुरतो, म्हणून आवाज कमी. १२० च्या पंख्याचे चार स्क्रू एकमेकांपासून १०५ मिलिमीटरवर असतात. कागदावर तेवढा चौकोन काढा, मधे साधारण ११५ मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ, कागद पत्र्यावर चिकटवा आणि कापा. कापायचीच भीती वाटत असेल तर त्यालाही तोड आहे. सीडी ड्राइव्हचे तीन कप्पे एकावर एक मोकळे असतील तर तिथे १२० चा पंखा बरोबर मावतो. समोरची तीन झाकणं काढा, मागे पंखा अडकवा, पुढे जाळी लावा. एक चीरही न पाडता तुमचा डबा श्वास घ्यायला लागतो.

मागच्या पंख्यासमोर पत्र्यातच ठोकून काढलेली जाळी असते. तिची निम्मी जागा पत्र्यानेच अडवलेली असते. ती कापून काढा आणि तारेची जाळी लावा. मदरबोर्डाच्या मागच्या पत्र्यात एक-दोन खिडक्या पाडल्या की वायरी पलीकडून फिरवता येतात. नव्या खोक्यांत यालाच 'केबल मॅनेजमेंट' म्हणून कौतुकाने मिरवतात. आहे ते भोकच.

अवजारं आणि कारागीर यांच्या बाबतीत तर आपण नशीबवान. परदेशातल्या हौशी लोकांना सगळं स्वतः करावं लागतं, कारण तिथे माणसाच्या मजुरीत नवं खोकं येतं. आपल्या गल्लीच्या टोकाला खिडक्यांच्या जाळ्या बनवणारा फॅब्रिकेशनवाला असतो. अर्धा-पाऊण मिलिमीटरचा पत्रा त्याच्या दृष्टीने पापड. ॲक्रिलिकची बाजू हवी असेल तर नेमप्लेट बनवणारा कापून देतो. अक्षरं किंवा नक्षी हवी तर गाड्यांवर 'आई-बाबांचा आशीर्वाद' लावणारा रेडियमवाला आहे. पॉप रिव्हेट, रबरी बीडिंग, पॉलिश पेपर आणि रेड ऑक्साईड हे सगळं पुण्यात बोहरी आळीत आणि मुंबईत नागदेवीला एका फेरीत मिळतं. फक्त एक करा, कारागिराला 'कॉम्प्युटर' म्हणू नका, 'पत्र्याचा डबा' म्हणा. कॉम्प्युटर म्हटलं की तो घाबरतो आणि दर वाढवतो.

काही पथ्यं मात्र पाळायचीच. कापण्याआधी आतलं सगळं, अगदी स्टँडऑफसकट, बाहेर काढायचं. लोखंडाचा एक कीस मदरबोर्डावर राहिला तर तोही पुरे होतो. कापून झाल्यावर डबा धुवायचा. होय, साबण लावून नळाखाली धुवायचा आणि उन्हात वाळवायचा. कापलेल्या कडा कानशीने मोडायच्या, त्यांना रेड ऑक्साईड लावायचं, नाहीतर मुंबई-कोकणातला एक पावसाळा त्या कडा खाऊन टाकतो. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे. आणि एसएमपीएस उघडायचा नाही. वायर काढून ठेवली तरी त्याच्या आतल्या कपॅसिटरमध्ये वीज दबा धरून बसलेली असते.

एसएमपीएसवरून आठवलं. जुन्या खोक्यातली एकच गोष्ट अशी आहे की जिच्याबद्दल अजिबात हळवं व्हायचं नाही, ती म्हणजे डब्यासोबत फुकट आलेला एसएमपीएस. त्यावर छापलेल्या वॉटच्या आकड्यावर तेव्हाही विश्वास ठेवण्यात अर्थ नव्हता. शिवाय २००३ नंतर मदरबोर्डाचा मुख्य जोड २० पिनांवरून २४ पिनांवर गेला. तेव्हा एसएमपीएस नवा आणि चांगल्या कंपनीचा घ्या. पैसे वाचवायचे ते काचेच्या खोक्यावर, विजेच्या बाबतीत नाही.

आणि तो झिणझिण्यांचा प्रकार! कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला अनवाणी हात लावला की मुंग्या येतात हा अनुभव आपल्याकडे इतका सार्वत्रिक आहे की लोक त्याला यंत्राचा स्वभाव समजतात. "तो थोडा शॉक मारतो" असं पाळीव प्राण्याबद्दल बोलावं तसं सांगतात. कारण साधं आहे. एसएमपीएसच्या आत गोंगाट गाळायला छोटे कपॅसिटर लावलेले असतात, ते फेज आणि न्यूट्रल या दोघांनाही पत्र्याशी जोडतात. घरात अर्थिंग धड असेल तर तो बारीकसा प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर पत्र्यावर साधारण निम्मा दाब, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, तरंगत राहतो. प्रवाह नगण्य असल्यामुळे जीवघेणा नसतो, पण तो तुम्हाला एक गोष्ट सांगत असतो: घरातली तिसरी पिन नुसती शोभेची आहे. खोक्यावर काम काढलंत तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून तेवढं करून घ्या. आणि रंगवताना एसएमपीएसचे स्क्रू आणि स्टँडऑफ जिथे बसतात तिथे रंग लावू नका, पत्र्याला पत्रा उघडा भिडू द्या.

आता 'घराला बेतून घेणं' म्हणजे नेमकं काय? आपल्या घरांत खोक्याचे शत्रू कोण, याची यादी करा. पहिला शत्रू धूळ. आत हवा ओढणाऱ्या पंख्यांसमोर मच्छरदाणीचा तुकडा ताणून, कडेला चुंबकाची पट्टी लावून बसवा. काढून धुता येतो. बाहेर फेकणाऱ्या पंख्यांपेक्षा आत घेणारे थोडे जोरात ठेवा, म्हणजे फटीफटींतून धूळ शिरणार नाही. दुसरा शत्रू पाल, झुरळ आणि उंदीर. मागची न वापरलेल्या कार्डांची झाकणं हरवलेली असतील तर तो त्यांचा राजमार्ग. झाकणं लावा, नसतील तर पत्र्याची कापून घ्या. तिसरा शत्रू फडकं. फरशी पुसताना पाणी थेट खोक्याच्या तळाशी जातं. खाली दोन-तीन इंचांचे पाय किंवा चाकं लावा. वरच्या पत्र्याला दाराचं हँडल लावा, भाड्याचं घर बदलताना दुवा द्याल. पॉवरचं बटण रांगत्या बाळाच्या हाताला येत असेल तर ते वर न्या. एटीएक्सचं बटण म्हणजे नुसती क्षणभर जुळणारी दोन टोकं. दारावरच्या बेलचं बटण लावलं तरी पीसी सुरू होतो. समोरचे युएसबी जुने असतील तर फ्लॉपीच्या जागेत बसणारं नव्या युएसबीचं पॅनल मिळतं. पिवळं पडलेलं प्लॅस्टिक हायड्रोजन पेरॉक्साईड आणि ऊन यांनी पांढरं करायची युक्ती २००८ च्या सुमारास हौशी लोकांनी शोधली, पण पिवळेपणा बरेचदा परत येतो. त्यापेक्षा रंगवून मोकळे व्हा.

यावर दोन आक्षेप हमखास येतात.

पहिला आमच्या धंद्यातला, "तुझ्या तासाचा दर काढ, तेवढ्यात नवं कॅबिनेट येईल." अहो, येईल ना! पण रविवारच्या तासाला ऑफिसचा दर लावणारा माणूस मग पोरीला सायकल शिकवताना काय करतो, घड्याळ लावतो? आठवडाभर आपण जे लिहितो त्यातलं पुढच्या वर्षी काय उरणार हे आपल्याला माहीत आहे. पत्र्याला पाडलेलं भोक तिथेच राहतं. शिवाय ते करताना हवा कुठून येते, वीज कुठून जाते, उष्णता कुठे साठते हे हाताला कळतं. डेटा सेंटरच्या बिलावर 'कूलिंग' अशी ओळ बघून पुढे सरकणाऱ्या आमच्या पिढीला तेवढं कळलं तर वाईट नाही.

दुसरा आक्षेप दिसण्याचा. "आता काय मस्त काचेची कॅबिनेट मिळतात, आत दिवे!" मिळतात खरी. पण त्यांचा इतिहास बघा. २००० च्या आसपास परदेशात काही खटपटी पोरांनी घरच्या बेढब डब्याची बाजू कापली, ॲक्रिलिक लावलं, आत निळी नळी पेटवली. ते बदल त्यांचे होते, त्यात वाकडी कड होती, चुकलेला स्क्रू होता. कंपन्यांनी ते पाहिलं आणि तीच खिडकी कारखान्यात कापून विकायला सुरुवात केली. आज ती काचेची झाली, दिवे दीड कोटीहून जास्त रंगांचे झाले, आणि हौशी माणसाच्या हाती काय उरलं? ॲपमधून रंग निवडणं. हजारो लोकांची खोकी 'वेगळी' आहेत, आणि सगळी सारखीच वेगळी आहेत. समोर सलग काच लावलेल्या काही महागड्या डब्यांत तर हवा पुन्हा बाजूच्या फटीतूनच येते. म्हणजे २००२ चाच दोष, फक्त पैसे जास्त.

तिसरा आक्षेप कुणी घेत नाही, पण तो सगळ्यांत खरा आहे म्हणून मीच घेतो. जुन्या आतड्यांसकट जुना पीसी चालू ठेवणं नेहमीच शहाणपणाचं नसतं. समजा जुना संच नव्यापेक्षा ७० वॉट जास्त खातो आणि रोज आठ तास चालतो, तर महिन्याला सुमारे १७ युनिट फुकट जातात. पेंटियम-४ च्या प्रेमात पडून वीज जाळू नका. त्याचा बोर्ड नोंदणीकृत ई-कचरावाल्याकडे द्या. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी ती व्यवस्था कागदावर तरी पक्की केली आहे. दहा-बारा वर्षांपूर्वीचा कोअर मालिकेतला प्रोसेसर असेल तर मात्र एसएसडी आणि लिनक्स टाकून तो अजून बरीच वर्षं काम देईल. प्रत्येक भागाचा निवाडा वेगळा करा, एवढंच सांगणं. सगळ्यांना एकाच गाडीवर चढवू नका.

मला खरी काळजी वेगळीच आहे. आमच्या हाताखाली येणारी नवी पोरं हुशार आहेत, आमच्यापेक्षा नक्कीच हुशार आहेत. पण त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी कॉम्प्युटर आतून पाहिलेला नाही. लॅपटॉपची रॅम बोर्डावरच चिकटवलेली, बॅटरी गोंदाने बसवलेली, मागे असे स्क्रू की त्यांचा पाना घरात नसतो. उघडायचं नाही, बिघडलं तर बदलायचं, हाच नियम त्यांनी लहानपणापासून शिकलाय. सरकारने २०२२ मध्ये 'राईट टू रिपेअर' चं संकेतस्थळ सुरू केलं हे चांगलंच झालं. पण हक्क वापरायला हाताची सवय लागते. ज्याने आयुष्यात कधी स्क्रू फिरवला नाही, त्याला दुरुस्तीचा हक्क देऊन तो करणार काय?

खंडेनवमीला आपण कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहतो, झेंडूचं फूल ठेवतो. ऑफिसातही ठेवतो, फोटो काढतो. चांगली प्रथा आहे. पण जुन्या काळी त्या दिवशी अवजारं आधी घासूनपुसून, तेलपाणी करून, धार लावून मग मांडत. सुताराला आपला रंधा खोलता येत होता. आपण न उघडलेल्या डब्यावर कुंकवाचा स्वस्तिक काढतो आणि वर्षभर तो कुंकवासकट तसाच ठेवतो. अवजार म्हणून पुजायचं तर अवजारासारखं हाताळायला नको का?

तेव्हा यंदा दसऱ्याच्या आधी एका रविवारी माळ्यावरचं खोकं खाली काढा. मागचे दोन स्क्रू फिरवून बाजूचा पत्रा सरकवा. धूळ झटका, एखादी जुनी चिठ्ठी किंवा हरवलेला पेनड्राइव्ह सापडला तर तो बोनस. मग फूटपट्टी घेऊन मापं घ्या आणि घरातल्या लहान पोराला किंवा पोरीला शेजारी बसवून विचारा की हवा कुठून आत येईल आणि कुठून बाहेर जाईल. भोक कुठे पाडायचं ते त्यांना ठरवू द्या. पाडायला तुम्ही आहातच, आणि गल्लीच्या टोकाला फॅब्रिकेशनवाला आहेच.